गर्भाशयमुखाचा कर्करोग : अहवालातला ‘सोळा’ म्हणजे काय?

मागच्या वर्षी एक भगिनी आपल्या जावेला सोबत घेऊन दवाखान्यात आल्या. वय चाळिशीच्या आसपास, पदरात तीन मुले, काम शेतावरचे. गावात झालेल्या तपासणी शिबिरात त्यांच्या गर्भाशयाच्या तोंडाचा नमुना घेतला होता आणि त्याचा अहवाल त्यांनी घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणला होता. अहवाल इंग्रजीत. गावातल्या कोणी तरी त्यातली एकच ओळ वाचून दाखवली होती, ‘एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह’. खुर्चीत बसल्याबरोबर त्यांनी विचारले, “बाई, सोळा म्हंजी लई झालं का?”

प्रश्न अगदी बरोबर होता. साखरेचा आकडा, रक्तदाबाचा आकडा, हिमोग्लोबिनचा आकडा आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. आकडा म्हटला की तो कमी किंवा जास्त असणारच. एका शेजाऱ्याने सांगितले होते, की सोळा टक्के कर्करोग झाला. दुसऱ्या एका अनुभवी बाईंनी सल्ला दिला होता, की पिशवी काढून टाक म्हणजे कटकट मिटेल. आणि हा विषाणू शरीरसंबंधातून येतो एवढे अर्धवट कानावर आल्यामुळे घरधनी दोन दिवसांपासून बोलत नव्हते. या तीनही गोष्टी चुकीच्या आहेत. त्या का चुकीच्या, हे नीट समजून घेतले तर हा रोगच बऱ्याच अंशी समजतो, म्हणून आजचा लेख त्यावर.

एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. हा एकच विषाणू नाही, तर विषाणूंचे मोठे कुळ आहे. आजवर त्याचे २०० हून अधिक प्रकार ओळखले गेले असून, जो प्रकार जसा सापडत गेला तसा त्याला पुढचा क्रमांक देण्यात आला. म्हणजे सोळा हे रोगाचे माप नव्हे. हजेरीपटावर मुलाचा नंबर असतो तसा तो त्या विषाणूचा नंबर आहे. मात्र हजेरीपटावरची सगळी मुले सारखी नसतात, तसेच हेही.

यातले १, २ आणि ४ क्रमांकाचे प्रकार आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. लहान मुलांच्या बोटांवर आणि तळपायाला ज्या चामखिळी येतात, त्या यांच्याच. त्यांचा कर्करोगाशी काही संबंध नाही. सुमारे ४० प्रकार जननेंद्रियांच्या भागात वस्ती करतात. त्यांपैकी ६ आणि ११ हे त्या भागात चामखिळी आणतात. दिसायला ओंगळ, पण घातक नव्हेत. घातक असे बारा-चौदाच प्रकार आहेत आणि त्यांचा म्होरक्या आहे १६ क्रमांक. जगातल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या १६ मुळे होतात. त्याला १८ ची जोड दिली की हे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवर जाते, आणि आपल्या देशात त्याहूनही थोडे अधिक भरते. उरलेला वाटा ४५, ३१, ३३, ५२, ५८ अशांचा.

१८ क्रमांकाविषयी थोडे वेगळे सांगितले पाहिजे. तो आणि ४५ हे गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीतील ग्रंथींच्या पेशींमध्ये शिरतात. तिथला कर्करोग वरून सहज दिसत नाही आणि साध्या तपासणीत निसटू शकतो. जगभरच्या प्रयोगशाळांत ‘हीला’ नावाच्या पेशी गेली सत्तर वर्षे वाढवल्या जात आहेत. त्या १९५१ साली अमेरिकेत याच रोगाने मरण पावलेल्या हेन्रिएटा लॅक्स या पाच मुलांच्या आईच्या गाठीतून, तिला न विचारता घेतल्या होत्या. त्या पेशींत पुढे सापडला तो हाच १८ क्रमांक.

हा सगळा उलगडा तसा अलीकडचा आहे. १८४२ साली इटलीतल्या व्हेरोना शहराच्या मृत्यूनोंदी तपासताना रिगोनी-स्टर्न या डॉक्टरांच्या लक्षात आले, की गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांत बराच आढळतो आणि मठात राहणाऱ्या जोगिणींत क्वचितच. म्हणजे संसर्गाचा संशय तेव्हापासूनचा. परंतु संसर्ग कशाचा, हे कळायला पुढे जवळजवळ दीडशे वर्षे लागली. जर्मनीतील हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी १९८३ साली या रोगाच्या गाठींमध्ये १६ क्रमांक आणि पुढच्याच वर्षी १८ क्रमांक शोधून काढला. चामखिळीच्या विषाणूने कर्करोग होतो हे तेव्हा अनेकांना पटत नव्हते. २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता हा विषाणू करतो काय ते पाहू. शरीरातील प्रत्येक पेशीला विहिरीवरच्या मोटारीप्रमाणे एक बटण आणि एक फ्यूज असतो असे समजा. बटण बंद केले की पेशींची वाढ थांबते. आणि काही बिघाड झालाच, तर फ्यूज उडून ती पेशी स्वतःच बाद होते. १६ आणि १८ हे प्रकार दोन प्रथिने तयार करतात. त्यांतले एक बटण निकामी करते आणि दुसरे फ्यूजच काढून टाकते. मग मोटार चालूच राहते, आणि बिघाड झाला तरी थांबवणारे कोणी नसते. ६ आणि ११ यांच्याकडेही अशीच प्रथिने आहेत, पण ती या कामात कच्ची आहेत. घातक आणि साध्या प्रकारांत फरक आहे तो मुख्यतः इथे.

तरीही विषाणू आला म्हणजे कर्करोग झाला असे मुळीच नाही. संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा याचा एखादा प्रकार होऊन जातो आणि त्यांना पत्ताही लागत नाही. शंभरातल्या सुमारे नव्वद जणींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत, कसल्याही औषधाशिवाय, निघून जातो. ज्या थोड्या स्त्रियांत तो ठाण मांडून बसतो, त्यांतल्या काहींच्या गर्भाशयमुखावर बिघडलेल्या पेशींचा चट्टा तयार होतो. या चट्ट्याचा पुढे कर्करोग व्हायला साधारणपणे पंधरा ते वीस वर्षे लागतात. (एड्सच्या विषाणूमुळे प्रतिकारशक्ती खालावलेली असेल, तर हा काळ पाच-दहा वर्षांवर येतो.)

न्यूझीलंडमध्ये ऑकलंड शहरात एक दुर्दैवी प्रकार घडला होता. १९६० आणि ७० च्या दशकांत तिथल्या एका रुग्णालयात अशा वाढलेल्या चट्ट्यांवर काही स्त्रियांना पुरेसे उपचार न देता नुसते निरीक्षणाखाली ठेवले गेले. १९८८ साली त्याचा चौकशी अहवाल आला आणि मोठी खळबळ उडाली. पुढे त्या स्त्रियांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा उपचार न मिळालेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के जणींना तीस वर्षांत कर्करोग झाला होता. ज्यांच्यावर नीट उपचार झाले त्यांच्यात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. असला प्रयोग कोणी करू नये. पण त्यातून दोन्ही गोष्टी कळल्या: चट्टा वाढायला वेळ घेतो, आणि तो वेळेवर काढला तर रोग टळतो.

म्हणूनच या रोगाने होणारा प्रत्येक मृत्यू मला चुकल्यासारखा वाटतो. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ८० हजार दगावल्या, असा जागतिक अंदाज आहे. दहा-पंधरा वर्षे आधी सूचना देऊन येणारा रोग इतक्या जणींना नेतो, कारण आपण ती सूचना वाचायलाच जात नाही. २०१९ ते २१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी कधीही करून घेतलेल्या निघाल्या शंभरात दोनसुद्धा नव्हेत.

ही सूचना कशी वाचावी, याचे सर्वांत मोठे उत्तर मात्र आपल्याच भागातून जगाला मिळाले आहे, आणि याचा आपल्याला विसर पडलेला दिसतो. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांसाठी ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. ती देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. शेतकरी कुटुंबांतील स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग किती आहे, हे त्यातून प्रथम आकड्यांत दिसले. मग १९९९ मध्ये बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत एक मोठा अभ्यास हाती घेतला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ समूह पाडून त्यांची चार गटांत विभागणी केली. एका गटात एचपीव्हीची तपासणी केली, दुसऱ्यात काचपट्टीवर पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची म्हणजे पॅप तपासणी, तिसऱ्यात गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगर, लावून पांढरा चट्टा उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहणे. आणि चौथ्या गटाला केवळ माहिती व नेहमीची वैद्यकीय सेवा. या चौथ्या गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल पुढे टीका झाली, आणि ती अगदीच गैरलागू होती असे मला म्हणता येणार नाही.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चौथ्या गटात या रोगाने ६४ स्त्रिया दगावल्या होत्या. एचपीव्ही तपासणीच्या गटात, तिथे स्त्रियांची संख्या थोडी जास्त असूनही, ३४. दोन्ही गटांत रोग सापडलेल्यांची संख्या साधारण सारखीच होती, ११८ आणि १२७. पण चौथ्या गटातील ११८ पैकी ८२ जणींचा रोग पुढच्या पायरीवर पोहोचलेला होता, तर एचपीव्ही गटात असा पुढे गेलेला रोग केवळ ३९ जणींचा. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत एका तपासणीने म्हणावा तसा फरक पडला नाही. परांडा-भूमकडच्या आयाबहिणींनी संकोच बाजूला ठेवून जी तपासणी करून घेतली, तिच्या आधारावर आज जागतिक आरोग्य संघटना साऱ्या जगाला एचपीव्ही तपासणीची शिफारस करते.

म्हणून व्हिनेगरची तपासणी टाकाऊ आहे असे मात्र समजू नये. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने दीड लाख स्त्रियांचा दुसरा अभ्यास केला. तिथे प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी हीच तपासणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा केली, तेव्हा मृत्यूंत ३१ टक्के घट झाली. ही तपासणी स्वस्त आहे, निकाल जागेवरच मिळतो आणि सरकारी केंद्रांत ती मोफत व्हावी असे धोरण आहे. फक्त ती एकदा करून भागत नाही. सरकारी मार्गदर्शनानुसार तीस ते पासष्ट वयात दर पाच वर्षांनी करावी. एचपीव्ही तपासणी होत असेल, तर पाच ते दहा वर्षांतून एकदा पुरते. तपासणी पाळीच्या दिवसांत करू नये आणि आधीचे दोन दिवस आत कसलेही औषध ठेवू नये. टेबलावर दोन-तीन मिनिटांचे काम असते. दुखत नाही म्हटले तरी चालेल. लाज वाटते, ती मात्र खरी अडचण आहे. त्यासाठी एचपीव्हीचा नमुना स्त्रीला स्वतःच पडद्याआड घेता येतो अशीही सोय आता झाली आहे.

आता त्या भगिनींच्या अहवालाकडे पुन्हा येऊ. धाराशिवच्या अभ्यासात शंभरातल्या सुमारे दहा जणींचा एचपीव्ही अहवाल पॉझिटिव्ह आला होता, आणि त्यांतल्या बहुतेकींना कर्करोग नव्हता. पॉझिटिव्ह म्हणजे पुढची पायरी चढा, एवढाच अर्थ. ही पायरी म्हणजे दुर्बिणीतून तपासणी. चट्टा दिसला तर तिथला तुकडा घेतात आणि गरजेप्रमाणे तो चट्टा गोठवून, उष्णतेने जाळून किंवा विजेच्या तारेने कापून काढतात. चट्टा नसेल तर वर्षभराने पुन्हा तपासणी.

यासाठी पिशवी काढावी लागत नाही. हे वाक्य भगिनींनी दोनदा वाचावे. अंगावरून पांढरे जाते, तोंडाला जखम आहे, पुढे कर्करोग होईल, अशी भीती घालून तिशीतल्या बायकांच्या पिशव्या काढल्याची उदाहरणे आपल्या भागात कमी नाहीत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका गाजला, की २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पांढरे जाण्याचे कारण बहुतेक वेळा साधा जंतुसंसर्ग असते आणि ते गोळ्यांनी बरे होते. कोणी पिशवी काढायला सांगितलीच, तर ‘तुकड्याचा अहवाल काय आहे?’ एवढे जरूर विचारावे.

याउलट काही लक्षणे अशी आहेत, की ती अंगावर काढता कामा नयेत. संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे. आणि सर्वांत महत्त्वाचे, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसणे. “पाळी परत आली” असे हसत सांगणाऱ्या सासूबाई मी पाहिल्या आहेत, आणि ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला आहे. पाळी परत येत नसते. अशा वेळी शिबिराची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

घरधन्यांचा प्रश्न राहिला. त्या दिवशी ते बाहेर बाकावर बसले होते. त्यांनाही आत बोलावले. हा विषाणू कधी आला, कोणाकडून आला, हे जगातली कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. तो लग्नाच्या पहिल्या वर्षी आलेला असू शकतो आणि वीस वर्षे दडून राहिलेला असू शकतो. पुरुषाला तो असतो तेव्हा बहुधा काहीच दिसत नाही, त्यामुळे तो त्यांच्याकडूनही आलेला असू शकतो. बायकोच्या चारित्र्याचा दाखला या अहवालात नसतो. (काही पुरुषांना याच १६ क्रमांकामुळे घशाचा कर्करोग होतो, हेही त्यांना सांगितले.) धोका वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत: कोवळ्या वयातले लग्न, कारण त्या वयात गर्भाशयमुखाचा नाजूक भाग अधिक उघडा असतो, बरीच बाळंतपणे, आणि धूम्रपान. मिश्री लावणाऱ्यांनी ती निदान तोंडाच्या कर्करोगासाठी तरी सोडावी.

त्या दोघांना एक तेरा वर्षांची मुलगी आहे, म्हणून लसीचेही बोलणे झाले. लसीत विषाणूचे नुसते पोकळ कवच असते, आत बीज नसते, त्यामुळे लसीमुळे रोग होणे शक्य नाही. ती विषाणू येण्याआधी घ्यायची, म्हणजे नऊ ते चौदा या वयात. आलेला विषाणू ती घालवत नाही. पुण्यात तयार झालेली पहिली भारतीय लस २०२२ साली मंजूर झाली आणि ती ६, ११, १६ व १८ या चारही प्रकारांवर चालते. पूर्वी तीन डोस लागत. २००९ मध्ये देशात नऊ ठिकाणी, त्यांत बार्शीही होती, दोन डोस पुरतात की तीन हवेत हे पाहण्याचा अभ्यास सुरू झाला. २०१० साली आंध्र प्रदेश व गुजरातमधील एका वेगळ्या लस प्रकल्पात काही मुलींच्या मृत्यूवरून वादळ उठले आणि सरकारने सगळीकडचे लसीकरण थांबवले. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही; पालकांची संमती घेण्याच्या पद्धतीवर मात्र कडक ताशेरे ओढले गेले, आणि ते योग्यच होते. या गडबडीत सुमारे ५ हजार मुलींना एकच डोस मिळून राहिला. त्यांची पुढे दहा वर्षे तपासणी केली, तेव्हा एका डोसनेही १६ आणि १८ पासून जवळजवळ तेवढेच संरक्षण मिळालेले दिसले. २०२२ च्या डिसेंबरपासून जागतिक आरोग्य संघटनेनेही एक डोस मान्य केला आहे. स्कॉटलंडमध्ये २००८ पासून शाळेत लस देतात. बारा-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींपैकी एकीलाही हा कर्करोग झालेला नाही, असे २०२४ मध्ये जाहीर झाले. आपल्या मुलीच्या लसीसाठी जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करावी. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी सुटत नाही, कारण सगळे प्रकार लसीत नसतात.

त्या भगिनींच्या दुर्बीण तपासणीत बोटाच्या पेराएवढा चट्टा दिसला. तुकड्याचा अहवाल आला, कर्करोग नव्हता. चट्टा तारेने काढला आणि संध्याकाळच्या एस. टी. ने त्या घरी गेल्या. यंदा त्या वर्षभराच्या तपासणीला आल्या, तेव्हा सोळा निघून गेलेला होता. सोबत जाऊबाई होत्याच. मागच्या खेपेला त्या बाहेरच बसून होत्या. या खेपेस त्यांनीही केसपेपर काढला. त्यांचा अहवाल पुढच्या सोमवारी यायचा आहे.